आठ आकडे पूर्ण ऐक, आणि डोकं दुखतंय ते आजच घरी सांग

पत्र :

सर, मी बारावीला आहे, वय १७. तीन वर्षांपासून बॉक्सिंग करते. गेल्या शनिवारी जिल्हास्तर शालेय स्पर्धेची फायनल होती. दुसऱ्या राउंडला मी जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) टाकला, हात परत आणताना खाली राहिला आणि समोरच्या मुलीचा उजवा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच) थेट हनुवटीवर बसला. पडले नाही, पण डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पाय माझे नसल्यासारखे झाले. रेफरीने लढत थांबवून आठपर्यंत काउंट मोजला. 'बॉक्स' म्हटल्याबरोबर मी रागाने आत घुसले आणि आणखी दोन खाल्ले. तिसऱ्या राउंडला सावरले आणि जजेसच्या ३–२ निर्णयाने जिंकले. आता १२ दिवसांनी विभागीय आहे. तिथे याहून जड हाताच्या मुली येतील. हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरी डिऑन्टे वाइल्डरचा एवढा मोठा पंच खाऊन उठला, तसं पटकन सावरायचं कसं? काही व्यायाम, काही युक्ती असते का? (डोकं अजून थोडं जड आहे. रात्री मोबाईल बघितला की दुखतं. फिजिक्स वाचताना एकच ओळ तीनतीनदा वाचावी लागते. मैत्रिणीकडच्या गोळ्या घेतेय. आईला सांगितलं नाही, ती बॉक्सिंग बंद करेल.)
– एक बॉक्सर, अमरावती विभाग

उत्तर :

हे पत्र बुधवारी मेलवर आलं आणि त्याच संध्याकाळी मी उत्तर पाठवलं. सदर छापून येईपर्यंत थांबावं असं ते पत्र नव्हतं. तिच्या परवानगीने, गावाचं नाव गाळून, तेच उत्तर इथे देतो आहे.

प्रिय मुली,

फायनल जिंकलीस, अभिनंदन. काउंट खाऊन, वर आणखी दोन पंच झेलून तिसरा राउंड काढणं सोपं नाही.

तुझा प्रश्न रिंगमधला आहे आणि त्याचं उत्तर मी नीट देणार आहे. पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तू कंसात टाकलंस, म्हणून आधी ते.

आज प्रॅक्टिसला जाऊ नकोस. स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) नाही, बॅग नाही, दोरीच्या उड्यासुद्धा नाहीत. आज आईला आणि तुझ्या सरांना सांग आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा. पंच बसून चार दिवस झाले तरी डोकं जड आहे, स्क्रीनकडे बघवत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. मेंदूला हादरा बसला की नेमकं असंच होतं. त्याला कन्कशन म्हणतात. मी डॉक्टर नाही, निदान तेच करतील. पण सव्वीस वर्षं बॉक्सरच्या कॉर्नरला उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, तुझी ती फिजिक्सची ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत काही गोष्टींवर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. उलट्या सुरू झाल्या, डोकेदुखी वाढतच गेली, बोलताना जीभ अडखळली, हातापायांतली शक्ती गेली, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, फिट आली किंवा झोपेतून उठवताना जड गेलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करून, जिथे सीटी स्कॅन होतो अशा हॉस्पिटलात जायचं.

आणि त्या गोळ्या. कोणत्या आहेत ते बघ. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन असेल तर लगेच बंद कर, कारण डोक्यात कुठे बारीकसा रक्तस्राव असेल तर या गोळ्यांनी तो वाढू शकतो. पॅरासिटामॉल साधारणपणे चालते, पण तीही डॉक्टरांना विचारून. गोळी घेऊन डोकं हलकं वाटलं म्हणजे मेंदू बरा झाला असं नाही. तुला आत काय चाललंय ते कळायचं बंद होतं, एवढंच.

हनुवटीवरच्या पंचाने असं का होतं ते समजून घे, म्हणजे पुढचं पटेल. घरी मडक्यात घट्ट दही लागलेलं असतं बघ. मडकं एकदम गर्रकन फिरवलं तर मडकं फिरतं आणि दही क्षणभर मागे राहतं, मग ओढलं जातं आणि त्याला चिरा पडतात. मेंदूही कवटीत असाच, पाण्यासारख्या द्रवात असतो. हनुवटी हे डोक्याचं पुढचं टोक. तिथे बाजूने पंच बसला की तरफेसारखं डोकं झटक्यात वळतं आणि मेंदू ताणला, पिळला जातो. तोल सांभाळणाऱ्या संदेशांत तेवढ्यापुरता खंड पडतो, म्हणून पाय परके वाटतात. तुझी जिद्द कमी पडली म्हणून पाय लटपटले असं मनात असेल तर ते काढून टाक. हेडगार्ड असूनही हे होतं. हेडगार्ड भुवई फुटण्यापासून, खरचटण्यापासून वाचवतं, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

या हादऱ्यातून मेंदू सावरत असताना दुसरा मार बसला तर काय होतं, ते मी एकदा जवळून बघितलंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझा एक मुलगा, साधारण तुझ्याच वयाचा, असाच एक राउंड हलला आणि तरी जिंकला. परतताना जीपमध्ये त्याने मला विचारलं, "सर, कितव्या राउंडला थांबवली?" मी म्हटलं, थांबवली कुठे, तू पॉइंटवर जिंकलास. दहा मिनिटांनी त्याने पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा. जीपमधली पोरं हसली. मीही हसलो. आम्हाला वाटलं, जिंकल्याच्या आनंदात बिचारा भांबावलाय. सहाव्या दिवशी मी त्याला स्पारिंगला उतरवलं. समोरच्याचा एक साधा जॅब बसला, ज्याने एरवी त्याची पापणीही हलली नसती. तो मागे सरकला, रिंगचा रोप (दोर) धरून उभा राहिला आणि तिथेच ओकला. नंतर कित्येक आठवडे त्याला वर्गात बसवत नव्हतं, ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नव्हता. तो बरा झाला, आज त्याला दोन मुलं आहेत. पण त्या जीपमधलं हसू मी अजून विसरलेलो नाही. विचारायचं मी होतं, थांबवायचं मी होतं.

त्याचं नशीब चांगलं होतं. पहिला हादरा विरलेला नसताना दुसरा बसला तर, विशेषतः तरुण खेळाडूंमध्ये, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण घडतं.

आता १२ दिवसांचं गणित. मला माहीत आहे, विभागीयला खेळणं म्हणजे बारावीचे क्रीडा गुण, पुढे राज्यस्तर, आणि वर्षभर सकाळी साडेपाचला उठल्याचं चीज. तरीही माझा अंदाज आहे की हे १२ दिवस तुला पुरणार नाहीत. मोठ्या माणसांत हा हादरा विरायला बहुधा दीड-दोन आठवडे लागतात, तुझ्या वयात जास्त, कधी महिनासुद्धा. परतायची एक पायरीपायरीची पद्धत जगभर अनेक खेळांत वापरतात. पहिले एक-दोन दिवस शांत राहायचं, घरात हिंडायफिरायचं, स्क्रीन जवळजवळ बंद. अंधाऱ्या खोलीत पडून राहायची गरज नाही. मग चालणं, हलकी सायकल. मग दोरी आणि शॅडो (हवेत पंच मारायचा सराव). मग बॅग आणि पॅड. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि डोकेदुखी उसळली की पुढे जायचं नाही, मागे यायचं. डोकं पूर्ण हलकं झालं, अभ्यास नेहमीसारखा व्हायला लागला आणि डॉक्टरांनी लिहून दिलं, की मगच स्पारिंग. तुला चार दिवस झालेत, पण या चार दिवसांत तू बहुतेक सरावच केलास, तेव्हा ते विश्रांतीत मोजू नकोस. शून्यापासून मोज.

रेफरीने तुझी बाउट (लढत) मध्येच संपवली असती तर तुझ्या नावावर निदान ३० दिवसांची सक्तीची विश्रांती लागली असती. बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या मारामुळे बाउट थांबली की तसा नियमच आहे. तू उभी राहिलीस, जिंकलीस, म्हणून कुठे नोंद झाली नाही. डोकं मात्र तेच आहे. आणि एक : सीटी स्कॅन नॉर्मल आला की "काही झालेलं नाही" असं समजून कुणी तुला रिंगमध्ये पाठवेल. कन्कशनमध्ये स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. डॉक्टरांना लक्षणं सांग, सगळी, त्या फिजिक्सच्या ओळीसकट.

आता तुझा मूळ प्रश्न.

फ्युरीचंच घे. १ डिसेंबर २०१८, लॉस एंजेलिस, बारावा राउंड. वाइल्डरचा उजवा आणि पाठोपाठ डावा बसला आणि फ्युरी पाठीवर आडवा. सगळे म्हणतात, बघा कसा उठला! तू तो व्हिडिओ बरी झाल्यावर पुन्हा बघ आणि उठण्यापेक्षा उठल्यानंतरचं बघ. दहा मोजले की हार, तो नवाच्या आकड्याला उठला. रेफरीने त्याला बाजूला चालून दाखवायला सांगितलं, ते त्याने दाखवलं. वाइल्डर अंगावर आला तेव्हा फ्युरीने आधी धरलं, सरकून वेळ काढला, आणि डोकं जागेवर आल्यावर मग पंच मारले. बाउट बरोबरीत सुटली.

याहून जुनी आणि मला फार आवडणारी गोष्ट शिकागोची आहे, २२ सप्टेंबर १९२७ ची. हेवीवेटची जागतिक लढत, चॅम्पियन जीन टनी आणि आधीचा चॅम्पियन जॅक डेम्प्सी. सातव्या राउंडला डेम्प्सीने टनीला पाडलं. नियम असा की पाडणाऱ्याने लांबच्या न्यूट्रल (दोघांपैकी कुणाचाच नसलेल्या) कॉर्नरला जायचं, मगच काउंट सुरू. डेम्प्सीला सवय पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहायची. तो हललाच नाही. रेफरीने त्याला बाजूला काढलं आणि मग एकपासून मोजायला सुरुवात केली. टनीला दहाच्या जागी तेरा-चौदा सेकंद मिळाले. त्यावर आजही वाद घालतात. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. टनी बसल्या जागी एका हाताने रोप धरून रेफरीकडे बघत राहिला आणि नवावर उठला. आधी नाही. उठल्यावर तो एकही शूर गोष्ट करायला गेला नाही. तो मागे मागे सरकत, गोल फिरत राहिला. डेम्प्सी एवढा वैतागला की थांबून हाताने "ये, लढ" असं बोलवायला लागला. टनी गेला नाही. पुढच्या राउंडला त्याने डेम्प्सीला खाली बसवलं आणि दहा राउंड संपल्यावर लढत जिंकला.

तुला 'ये, लढ' म्हणून कुणी बोलावलंही नव्हतं, तू आपणहून गेलीस. पंच बसल्यावर राग येतो, लाज वाटते, गॅलरीत मैत्रिणी असतात. पण पुढचे दहा सेकंद मारायचे नसतात, हे पक्कं धर.

पंच बसला आणि काजवे चमकले, तर त्याच क्षणी हनुवटी छातीकडे, दोन्ही हात वर, कोपरं बरगड्यांना. मग दोनच रस्ते. ती जवळ असेल तर धर. एक पाऊल आत जा, तिचे दंड तुझ्या हातांखाली दाब, कान तिच्या खांद्याला टेकव आणि थोडा भार तिच्यावर दे. दोन श्वास मिळतात. रेफरी 'ब्रेक' म्हणेल, तेव्हा लगेच सोडून एक पाऊल मागे. सारखं सारखं धरलंस तर वॉर्निंग आणि एक पॉइंट जाईल, म्हणून हे राउंडला एकदाच. ती लांब असेल तर ज्या हाताने मारलं त्याच्या उलट बाजूला, गोलात सरक. सरळ मागे जाऊ नकोस. सरळ मागे गेलं की चार पावलांत रोप लागतो आणि मग ती हवे तेवढे मारते.

रेफरीने काउंट सुरू केला, तर ते आठ आकडे तुझे आहेत. तू चौथ्या आकड्याला "मी ठीक आहे" म्हणून हात हलवलेस तरी तो आठच मोजणार, मग घाई कशाला? आकडे ऐक. पहिल्या पाच आकड्यांत नाकाने घे आणि तोंडाने सावकाश सोड, माउथगार्ड दातांत घट्ट धरून. नजर रेफरीच्या बोटांवर. सहाव्याला पाय खांद्याइतके अंतरावर आहेत का बघ. सातव्याला ग्लोव्ह्ज वर. खाली पडली असशील तर एका गुडघ्यावर बसून सहापर्यंत ऐक, सातला उठ. पडल्या पडल्या उडी मारून उठणारे बरेचदा तिथेच पुन्हा कोसळतात. आणि रेफरीचा चेहरा एकाच्या जागी दोन दिसत असेल, आकडे लांबून आल्यासारखे वाटत असतील, तर त्याला नाही म्हण. हे सांगताना मला जराही संकोच नाही.

मधल्या मिनिटात कॉर्नरला बस. उभी राहू नकोस. माउथगार्ड काढून धुऊ दे, पाण्याचा एक घोट घे, मानेवर गार स्पंज ठेवू दे. कुणी अमोनियाची कुपी नाकाखाली धरली तर तोंड फिरव. तिने माणूस दचकून जागा दिसतो, आतलं काही बरं होत नाही, आणि रेफरीला, डॉक्टरांना जे दिसायला हवं तेच झाकलं जातं. आपल्या सरांना आधीच सांगून ठेव की तुझं तोंड बघून त्यांना शंका आली तर टॉवेल टाकायला, म्हणजे लढत सोडायला, लाजायचं नाही.

पोटातला पंच ही वेगळी गोष्ट. उजव्या बरगडीखाली यकृतावर हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला पंच) बसला की पहिलं अर्धं सेकंद काहीच वाटत नाही आणि मग पाय मिटतात. डोकं एकदम स्वच्छ असतं, शरीर ऐकत नाही. ऑस्कर दे ला होया २००४ साली बर्नार्ड हॉपकिन्सच्या अशाच एका पंचाने पडला आणि पूर्ण शुद्धीवर असताना जमिनीवर मुठी आपटत राहिला. उठता आलं नाही. छातीच्या खळगीत बसला तर श्वास अडकतो. अशा वेळी हवा आत ओढायची धडपड करू नकोस, गुडघे किंचित वाकवून उरलेली हवा बाहेर सोड, पुढचा श्वास आपोआप येतो. तासाभराने पोट दुखतच असेल, लघवी लाल झाली तर हॉस्पिटल.

व्यायाम विचारलास. डॉक्टरांनी सोडल्यावर हा कर : बॅगवर पूर्ण जोराचा एक राउंड, शेवटी छाती भात्यासारखी चालत असताना सर ओरडतील "काउंट!" लगेच एक गुडघा टेकव, सहापर्यंत श्वास सोडत ऐक, सातला उठ, आणि पुढचे दहा सेकंद एकही पंच न मारता फक्त सरक. आठवड्यातून दोनदा. पंच खरा बसतो तेव्हा डोकं चालत नाही, सवय चालते. मानेचे व्यायामही कर, सरांच्या देखरेखीखाली. त्यांचा थोडाफार उपयोग होतो. आणि कुणी म्हणालं की डोक्यावर मार खाऊन खाऊन डोकं पक्कं होतं, तर त्या जागी सराव करू नकोस. डोकं कधीच पक्कं होत नाही. वजनात बसण्यासाठी पाणी तोडत असशील तर तेही सोड. कोरड्या अंगाने खाल्लेला पंच जास्त महागात पडतो.

खरं काम तुझ्या जॅबवर आहे. जॅब गेला त्याच रेषेत हात गालाशी परत यायला हवा. हनुवटी आणि डावा खांदा यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धर आणि शंभर जॅब टाक. चेंडू पडला की पुन्हा एकपासून. तो क्रॉस तुला बहुधा दिसलाच नाही, आणि हात खाली राहिल्याने अडलाही नाही. न दिसलेला पंच सगळ्यात जास्त लागतो.

राहिली आई. ती बॉक्सिंग बंद करेल ही भीती खोटी नाही, मी अशा बऱ्याच आया बघितल्यात. पण त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना राग आला तो पोरीने लपवलं याचा. तू आज सांग की मला लागलंय, मी स्वतःहून थांबलेय, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हाच पुन्हा ग्लोव्ह्ज घालेन. तरीही नाहीच म्हणाल्या तर मला कळव. त्यांची तयारी असेल तर रविवारी सकाळी मी स्वतः फोनवर बोलेन.

मोबाईलवर इतकं लांब वाचताना एव्हाना डोकं दुखायला लागलं असेल. इथेच थांब आणि फोन आईच्या हातात दे. हे सगळं त्या वाचून दाखवतील, अगदी पहिल्यापासून.